लाकूडकामासाठी कोणता गोंद घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून गोंदाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न सुतारकाम नुकते शिकणाऱ्यांचे आहेत, काही वर्षानुवर्षे रंधा चालवणाऱ्यांचे. एका उत्तरात जे सांगितले आहे ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेले नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोंद, डिंक, सरस, फेविकॉल हे सगळे एकच का?

नाही. डिंक झाडातून येतो, पाण्यात विरघळतो, कागदापुरता ठीक आहे. सरस जनावरांची कातडी आणि हाडे उकळून बनतो. आपल्या आजोबांच्या पिढीचे बहुतेक लाकूडकाम सरसावरच उभे आहे. १९५९ मध्ये फेविकॉल आला आणि सरस वितळवण्याची भट्टी सुताराच्या दारातून हळूहळू गेली. हा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, थोडक्यात पीव्हीए. त्यातले पाणी लाकडात शिरते आणि हवेत उडते, मागे राहिलेले कण एकमेकांत मिसळून पक्का थर होतो. हे पाणी जाणे महत्त्वाचे आहे. पुढची निम्मी उत्तरे त्यावरच टेकलेली आहेत.

याशिवाय दुकानात रबरी गोंद, दोन नळ्यांचा इपॉक्सी, झटपट चिकटणारा फेविक्विक आणि क्वचित पॉलियुरेथेन गोंद मिळतो.

२. सगळ्यात घट्ट गोंद कोणता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला वाटते तो चुकीच्या टोकाने विचारला जातो. नीट रंधा मारलेल्या, कोरड्या सागवानाच्या दोन फळ्या साध्या पांढऱ्या गोंदाने जोडल्या तरी तोडताना बहुधा शेजारचे लाकूड फाटते, सांधा नाही. म्हणजे ताकद तिथे पुरेशी आहेच. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. या वस्तूला पाणी लागणार का? उष्णता लागणार का? आणि हा सांधा कधी उघडावा लागेल का?

तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे कपाट, टेबल, देव्हारा, चौरंग, फोटोची चौकट, तर साधा पांढरा गोंदच घ्या. पाणी लागणार असेल तर प्रश्न ९, उष्णतेसाठी प्रश्न १०, उघडावे लागेल त्यासाठी प्रश्न १४.

३. डब्यावर एसएच, मरीन, एसआर ९९८ असे लिहिलेले असते. फरक काय?

एसएच हा घरातल्या लाकूडकामाचा नेहमीचा पांढरा गोंद. मरीन त्याच घराण्यातला, पण पाण्याला तोंड देणारा. एसआर ९९८ मात्र पूर्ण वेगळा: रबरी गोंद, पिवळसर, उग्र वासाचा. तो दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावर दाबायचा असतो. दुसऱ्या कंपन्यांचेही असेच प्रकार मिळतात. नावापेक्षा डब्यावर पाण्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. युरोपीय प्रतवारी छापलेली असेल तर डी१ फक्त कोरड्या जागेसाठी, डी३ अधूनमधून पाणी लागणाऱ्या कामासाठी, डी४ त्याहून कठीण जागेसाठी.

४. गोंद एका बाजूला लावायचा की दोन्ही? किती?

पांढरा गोंद एका बाजूला सलग आणि दुसऱ्या बाजूला अगदी पातळ हात. एकूण दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम धरा, म्हणजे किलोभर गोंदात साधारण ५० ते ७० चौरस फूट. आवळल्यावर काठाने मोहरीएवढे थेंब सलग ओळीने आले की प्रमाण बरोबर. ओघळ आला तर जास्त झाला, काहीच आले नाही तर सांधा उपाशी राहिला.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ होऊन तो लाकडात मुरतो आणि पॉलिश करताना तिथे फिकट डाग उठतो. अर्धा-पाऊण तास थांबा, रबरासारखा झाला की पटाशीने अलगद काढा.

५. शिकंजा (क्लॅम्प) किती वेळ ठेवायचा? आणि शिकंजेच नसतील तर?

साध्या सांध्याला उन्हाळ्यात तासभर आवळून ठेवले तरी तो हलत नाही, पण त्यावर जोर देण्याआधी पूर्ण २४ तास जाऊ द्या. पावसाळ्यात मी रात्रभर आवळून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात गोंद लावणे टाळा. फार थंडीत पीव्हीएचा पक्का थर होत नाही, तो खडूसारखा पांढरा, भुसभुशीत वाळतो. ऊन वर आल्यावर काम सुरू करा, लाकूड आणि डबा दोन्ही थोडे ऊबदार असू द्या.

शिकंजे नसतील तर आपल्याकडची जुनी पद्धत उत्तम आहे. सुताची जाड दोरी दोन वेढे घालून बांधायची, मध्ये काठी खुपसून पीळ द्यायचा. फळ्या जोडताना जमिनीवरच्या पाटाला दोन्ही बाजूंनी ठोकळे ठोकून समोरासमोर दोन पाचरी मारायच्या. खिळे मारून दाब मिळतो हा समज सोडा. खिळा फळी जागेवर धरतो, पण सगळीकडे सारखा दाब देत नाही.

६. पावसाळ्यात केलेले काम मार्च-एप्रिलमध्ये उकलते. गोंद खोटा होता का?

बहुतेक वेळा नाही. हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धो-धो पडतो आणि काही तासांच्या अंतरावर अथणी-रायबागकडे जमीन भेगाळलेली असते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवेत ८० टक्के आर्द्रता असली की लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तो ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. त्याबरोबर फळी रुंदीत आक्रसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीचा. सागवान हे त्यातल्या त्यात शहाणे लाकूड, तरी अठरा इंच रुंद फळीत सहा टक्के ओलावा कमी झाला तर ती पाच मिलिमीटरपर्यंत आक्रसू शकते. एवढी ओढ कोणताही गोंद रोखत नाही. एक तर सांधा उकलतो, नाही तर फळी तडकते.

दुसरी बाजू गोंदाची. पहिल्या प्रश्नात सांगितले तसे, पांढऱ्या गोंदातले पाणी लाकडाने प्यायला हवे. लाकूड आधीच पाण्याने भरलेले असेल तर गोंद वाळायला वेळ घेतो आणि थर कच्चा राहतो.

माझ्या हातून हे घडले आहे. एका वर्षी जुलैत खानापूरकडून आणलेल्या फळ्या घाईने जोडून दाराचे पॅनेल केले आणि चौकटीत चारही बाजूंनी गोंद लावून घट्ट बसवले. होळीच्या सुमाराला मधोमध वरपासून खालपर्यंत चीर गेली. ज्यांचे दार होते त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्याचेच मला जास्त लागले. दार मी पुन्हा करून दिले.

उपाय असा. लाकूड घरात आणून पट्ट्यांच्या आधारावर, हवा खेळेल असे रचून ठेवा. त्यातला एक छोटा तुकडा किराणा काट्यावर आठवड्याला तोला. दोन-तीन आठवडे वजन बदलले नाही म्हणजे लाकूड त्या हवेला सरावले. मोजायचेच असेल तर तुकडा तोला, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि घटलेल्या वजनाला वाळलेल्या वजनाने भागून शंभराने गुणा. घरातल्या सामानाला ८ ते १२ टक्के चांगले. पॅनेलला चौकटीच्या खाचेत गोंद लावू नका, ते मोकळे बसू द्या. पावसाळ्यात करत असाल तर खाचेत ते जवळजवळ भरून बसले तरी चालेल, पुढे आक्रसणारच आहे. उन्हाळ्यात करत असाल तर दोन्ही बाजूंना फुगायला जागा सोडा.

७. सागवानाला किंवा शिसवाला गोंद धरत नाही. काय करू?

या लाकडांत नैसर्गिक तेलकटपणा असतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि गोंद वरच्या वर राहतो. सांध्याची कड आदल्या दिवशी तासून ठेवू नका. रंधा मारा आणि त्याच बैठकीत गोंद लावा. जास्तच तेलकट वाटले तर ॲसिटोनने किंवा स्पिरिटने पुसा, पूर्ण उडू द्या, लगेच जोडा. पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत चकचकीत करण्यापेक्षा धारदार रंध्याची ताजी कड केव्हाही चांगली.

८. लाकडाच्या डेपोतल्या यादीत लाकडांची नावे कन्नडमध्ये असतात. कोणते लाकूड कसे चिकटते हे कसे कळणार?

सागवानी किंवा तेग म्हणजे सागवान, बीटे म्हणजे शिसव, मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबला, नंदी म्हणजे नाणा, हलसु म्हणजे फणस. गोंदाला कन्नडमध्ये अंटु म्हणतात. दुकानात मराठीत मागितले तरी मिळतोच, पण आपले अनेक चांगले कारागीर बडिगेर, म्हणजे कन्नड सुतार, घराण्यांतले आहेत आणि त्यांच्याशी बोलताना हे शब्द उपयोगी पडतात.

फणस आणि आंबा यांना पांढरा गोंद नीट धरतो, मात्र आंबा ओलाव्याने जास्त हलतो. ऐन, बाभूळ अशी जड लाकडे गोंद कमी पितात. त्यांना थर पातळ द्या आणि जास्त वेळ आवळून ठेवा. बिबला ओला झाला की पिवळा डाग सोडतो. त्याच्या शेजारी फिकट लाकूड जोडत असाल तर गोंद बाहेर ओघळू देऊ नका.

९. अंगणातला झोपाळा, फाटक, पावसाचा मारा बसणारी खिडकी यांना कोणता गोंद?

साधा पांढरा गोंद नको, पाण्यात तो मऊ होतो. छपराखालच्या झोपाळ्याला, वऱ्हांड्यातल्या बाकाला पाणीरोधक पांढरा गोंद पुरतो, वरून रंग किंवा वॉर्निश मात्र हवेच. थेट पावसात उभे राहणाऱ्या कामाला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन घ्या. पॉलियुरेथेन ओलाव्यावरच पक्का होतो आणि होताना फेसाळतो. तो फेस फट भरल्यासारखा दिसतो, पण त्यात ताकद नसते. हातमोजे घाला, कातडीवरचा डाग कित्येक दिवस जात नाही.

झोपाळ्याबद्दल आग्रहाने सांगतो: माणसाचा भार फक्त गोंदावर टाकू नका. पांढऱ्या गोंदाचा थर सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो. तिथे खाच-कुसवाचा सांधा (एका तुकड्याचे तासलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसते), आरपार खुंटी किंवा बोल्ट हवा. गोंद सोबतीला.

१०. स्वयंपाकघरातला सनमायका फुगतो, शेगडीजवळ सुटतो. असे का?

दोन वेगळी कारणे आहेत. मधोमध फुगा आला तर बहुधा प्लायवूड दमट होते, गोंद असमान लागला होता किंवा दाब लवकर काढला. सनमायका पाणी शोषत नाही, त्यामुळे पांढऱ्या गोंदातले सगळे पाणी एकट्या प्लायला प्यावे लागते. म्हणून दोन लाकडांच्या सांध्यापेक्षा इथे जास्त वेळ लागतो. सपाट ठेवून, वर सारखे वजन देऊन रात्रभर सोडा.

शेगडीजवळ सुटतो तो उष्णतेने. पांढरा गोंद आणि साधा रबरी गोंद दोन्ही गरम झाले की मऊ पडतात. तिथे उष्णतारोधक म्हणून विकला जाणारा रबरी गोंद घ्या. गोल कडा आणि उभ्या पट्ट्यांनाही रबरी गोंद सोयीचा: दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा ते वीस मिनिटे थांबा, बोट लावून पाहा, मग एकदाच नेमके बसवा. एकदा टेकला की सरकवता येत नाही.

११. रबरी गोंदाने मखर करताना थर्माकोल विरघळला!

विरघळणारच. त्यातले द्रावण थर्माकोल खाते. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. प्लाय, पुठ्ठा, बांबू यांचे मखर करा आणि पांढरा गोंद वापरा. रबरी गोंद बंद खोलीत, निरांजनाजवळ किंवा पेटत्या शेगडीजवळ अजिबात नको. त्याची वाफ पेट घेते.

१२. सांध्यात फट राहिली. भुसा आणि फेविकॉल कालवून भरू का?

दिसण्यापुरती बारीक फट असेल तर भरा. त्याच लाकडाचा अगदी बारीक भुसा घ्या आणि आधी एका टाकाऊ तुकड्यावर पॉलिश करून पाहा, कारण अशा जागी पॉलिश गडद बसते. पण सैल कुसू घट्ट करायला हा उपाय नाही. पीव्हीए जाड थरात वाळताना आक्रसतो आणि धरत नाही. कुसवाला विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा लाकडाची चिपटी चिकटवा, वाळल्यावर तासून नेमके बसवा. तेही जमत नसेल तर इपॉक्सी. फट भरूनही ताकद टिकवणारा गोंद तो एकच.

इपॉक्सीच्या दोन नळ्यांचे प्रमाण पाकिटावर असेल तेच घ्या. हार्डनर (घट्ट करणारी नळी) जास्त घातला की लवकर आणि घट्ट होते हा गैरसमज आहे, उलट थर चिकट राहतो. पाच मिनिटांच्या प्रकारापेक्षा सावकाश पक्का होणारा प्रकार ताकदीला चांगला. त्याची कातडीला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. सुरुवातीपासून मोजे वापरा.

१३. पोळपाट, पाट, लाटणे यांना कोणता गोंद चालेल?

पोळपाट शक्यतो एकाच फळीचा करा. तो रोज धुतला जातो आणि जोड हाच त्याचा पहिला कच्चा भाग. जोडावाच लागला तर अन्नाशी अप्रत्यक्ष संपर्काला चालतो असे डब्यावर स्पष्ट लिहिलेला पाणीरोधक गोंदच घ्या. टाइटबॉन्ड ३ हा त्यातला एक. रबरी गोंद इथे नको.

पोळपाटाच्या पायांच्या पट्ट्या फळीच्या लाकडाच्या रेषांना आडव्या येतात. त्या पूर्ण लांबीभर गोंदाने चिकटवल्या की वरची फळी हलू शकत नाही आणि फाटते. पट्टीच्या फक्त मध्यावर बोटभर गोंद, टोकांना थोड्या लांबट भोकांतून स्क्रू. जेवणाच्या पाटाला, टेबलाच्या फळीलाही हेच लागू. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१४. आजोबांची खुर्ची किंवा पेटी खिळखिळी झाली आहे. फेविकॉल ओतू का?

कृपया ओतू नका. ते काम बहुधा सरसाचे असते, आणि सरसाची मोठी देणगी ही की तो उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके सांध्यावर ठेवा, किंवा सुरीचे पाते गरम करून हळूच सरकवा. सांधा लाकूड न फाडता उघडतो. जुना सरस साफ करून नवा सरस लावला की पुढच्या पिढीलाही तो असाच उघडता येईल. पेटी, सतार अशा वाद्यांना म्हणूनच सरस योग्य.

सरसाचे दाणे थंड पाण्यात काही तास भिजवून फुगवा. मग भांड्यात पाणी घेऊन त्यात दुसरे भांडे ठेवून साधारण ६० अंशांवर वितळवा. उकळला की ताकद जाते. गरम असतानाच लावा आणि लगेच आवळा.

आधी कोणी फेविकॉल लावून ठेवला असेल तर काम अवघड होते. वाळलेल्या पीव्हीएवर नवा पीव्हीए धरत नाही. गरम पाणी किंवा व्हिनेगर लावून मऊ करा, खरवडून खालचे लाकूड दिसू द्या, मगच नवा गोंद.

१५. फळीचे आडवे कापलेले टोक नुसत्या गोंदाने जोडता येईल?

फक्त गोंदाने नाही. ते टोक बारीक नळ्यांच्या जुडीसारखे असते, गोंद आत ओढून घेते आणि सांधा उपाशी राहतो. फोटोच्या चौकटीसारख्या हलक्या कामात आधी पाणी घालून पातळ केलेल्या गोंदाचा हात द्या, दहा मिनिटांनी घट्ट गोंद लावा. बाकी सगळीकडे खाच, डॉवेल (गोल लाकडी खुंटी) किंवा आतून पट्टी द्या.

१६. फेविक्विक लाकडाला चालतो का?

उडालेली चिपटी बसवायला, शिकंजा लावेपर्यंत तुकडा धरून ठेवायला छान. मुख्य सांध्याला नको, तो ठिसूळ असतो आणि धक्क्याने सुटतो. बोटे चिकटली तर ओढू नका, ॲसिटोनने किंवा कोमट साबणाच्या पाण्याने हळूहळू सोडवा.

१७. चिंचोक्याची खळ लाकडाला चालते असे ऐकले. खरे का?

खेळण्यांपुरते खरे. कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळच्या खेळण्यांत चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून लगदा करतात, त्याने सांधे आणि आकार भरतात आणि वर रंग चढवतात. हलक्या लाकडाला, रंगाखाली, घरात ठेवायच्या वस्तूला हे उत्तम आहे. मुलांना शिकवायलाही सुरेख. पाणी लागणाऱ्या किंवा भार सोसणाऱ्या कामाला मात्र ही खळ पुरत नाही, आणि दमट घरात तिला बुरशी येते.

१८. गोंद चांगला, पण प्लायच सुटते. मग?

मग दोष सांध्यात नाही, प्लायच्या आतल्या गोंदात आहे. एमआर प्रत फक्त दमटपणा सोसते, पाणी नाही. सिंकखाली, न्हाणीघराजवळ, खानापूरकडच्या ओल येणाऱ्या भिंतीला आयएस ७१० शिक्क्याची मरीन प्लाय घ्या. कापलेल्या कडा उघड्या सोडू नका, पाणी तिथूनच शिरते.

१९. उरलेला गोंद किती दिवस टिकतो? खराब झाला हे कसे ओळखायचे?

डब्यावरची मुदत पाहा, झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका. काडी बुडवून उचला. सलग धार पडली तर ठीक. गाठी, दोरे किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. घट्ट झालेल्या गोंदात पाणी घालून वाढवू नका. शंका असेल तर दोन टाकाऊ तुकडे जोडा, दुसऱ्या दिवशी हातोडीने फोडा. फुटलेल्या जागी लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर गोंद वापरा. दोन्ही बाजू गुळगुळीत सुटल्या असतील तर तो डबा कामाच्या फळीपासून लांब ठेवा.